देवडीतली स्कूटर

काशीत ब्रह्माघाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमध्ये जी जुनी मराठी घरे आहेत, त्यांच्या देवड्यांत ऊन कधी येत नाही. गल्लीच अशी अरुंद, की समोरासमोरच्या दोन घरांचे सज्जे एकमेकांच्या कानाशी लागलेले. दोन पायऱ्या चढून, जाड उंबरठा ओलांडून आत आले की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही. मग एकेक वस्तू अंधारातून वर येते. भिंतीला टेकवलेली बाज, गंगेचे पाणी भरून ठेवलेला पितळी हंडा, खुंटीवरची छत्री. अशाच एका देवडीत, पोत्याच्या आणि जुन्या चादरीच्या आवरणाखाली, एक स्कूटर तीस वर्षे उभी होती.

या घरातले वृद्ध गृहस्थ न्यायशास्त्राचे अध्यापक. पाठशाळेत त्यांनी चाळीस वर्षे ‘तर्कसंग्रह’ आणि त्यापुढचे ग्रंथ शिकवले. आता वय चौऱ्याऐंशी; तरीही सकाळी दोन-तीन विद्यार्थी येतात. घरात त्यांना सारे अण्णा म्हणतात. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून इथे केव्हा आले याचा लिखित पुरावा घरात नाही, पण अशा घरांना पुराव्याची निकडही वाटत नाही. सोळाव्या शतकात पैठणहून रामेश्वरभट्ट काशीस आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीच्या पंडितसभेचे मुकुटमणी झाले. त्याच कुळातले गागाभट्ट १६७४ साली रायगडावर शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकासाठी गेले. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली याच नगरीत पुरे केले. पुढे व्याकरणातले नागेशभट्ट, ज्योतिषातले बापूदेवशास्त्री, हिंदी पत्रकारितेतले बाबूराव पराडकर अशी नावे येत राहिली. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, दूधविनायक या वस्त्यांत ही मराठी घरे टिकली. त्यांच्या मराठीत हिंदी शब्द सहज मिसळतात आणि महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्यास ती मराठी किंचित जुनी, किंचित परकी वाटते. महाराष्ट्रातून माणसे काशीस येत, ती बहुधा विद्येसाठी किंवा मरणासाठी. परत जाणारे थोडे.

स्कूटरही महाराष्ट्रातूनच आलेली. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात १९७२ सालापासून ‘चेतक’ तयार होऊ लागली. इटलीतल्या ‘व्हेस्पा’च्या वंशातले हे वाहन, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव लावून ते देशभर गेले. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी तेव्हाची रीत होती. मुलगी उपवर होण्याआधी स्कूटरची नोंदणी करून ठेवणारे बाप त्या काळी सर्वत्र होते. अण्णांची पाळी १९८४ साली आली. पाठशाळेचा अध्यापक स्कूटरवर बसतो याचे गल्लीला फार नवल वाटले. पायऱ्यांवरून ती देवडीत चढवायला सागवानी फळी करून घेतली गेली. धोतराचा सोगा कमरेला खोचून अण्णा गल्लीतून निघत, तेव्हा वाटेत बसलेल्या बैलापुढे हॉर्न वाजवून उपयोग नसतो हे ते लवकरच शिकले. इंजिन बंद करून, बैल उठेपर्यंत ते मनातल्या मनात एखादे प्रकरण घोळवीत उभे राहात.

या स्कूटरचे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे. झाडे तोडण्याची यंत्राची करवत, शेतातला औषधफवाऱ्याचा पंप आणि ही जुनी स्कूटर यांच्या पोटात एकच तत्त्व चालते. चार फेऱ्यांचे काम हे इंजिन दोन फेऱ्यांत उरकते. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत नवा वायू ओढला जातो. स्फोट होऊन पिस्टन खाली येताना तोच वायू दाबला जाऊन बाजूच्या वाटांनी वर चढतो आणि जळालेला धूर बाहेर ढकलतो. १८९१ साली इंग्लंडात जोसेफ डे याने ही युक्ती बसवली. तिच्यात झडपा नाहीत, पसारा नाही. म्हणूनच ती हाताने उचलायच्या यंत्रात मावते आणि घरच्या अंगणात, मोजक्या पान्यांनी उघडताही येते. पण या सोपेपणाची एक अट असते. खालची पेटी वायूच्या ये-जा करण्यात गुंतलेली असल्यामुळे तिच्यात वंगणाचे तेल साठवता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. त्या काळच्या टू-टी तेलाचे माप लिटरमागे २० मिलिलिटर. ते तेल जाता जाता पिस्टनला, सिलेंडरच्या भिंतीला, बेअरिंगांना माखत जाते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळते. मागून निघणारा निळसर धूर ही त्याची खूण. तेल घालायला विसरले तर धूर दिसत नाही आणि थोड्याच वेळात ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून, फुगून, बिडाच्या सिलेंडरला चिकटून बसतो. मिस्त्री लोक त्याला ‘जाम’ म्हणतात.

१९९४ सालच्या कार्तिकात ही स्कूटर जाम झाली, ती राजघाटच्या मालवीय पुलावर.

हा पूल दुमजली आहे. १८८७ साली तो खुला झाला तेव्हा त्याचे नाव डफरिन पूल होते. १९४८ साली त्याला मदनमोहन मालवीयांचे नाव मिळाले. खालून आगगाडी जाते, वरून रस्ता. पुलापलीकडे काही कोसांवर मुघलसराय, जिला २०१८ पासून दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणतात. अण्णांच्या मुलाची तिथे सकाळी नऊला मुलाखत होती. मुलगा एकवीस वर्षांचा. शास्त्राकडे त्याचा ओढा कधीच नव्हता. सुटीच्या दिवसांत तो एका मिस्त्रीच्या दुकानात बसे, हात काळे करून घरी येई. रेल्वेत शिरण्याचे त्याने दोन वर्षे मनात धरले होते. पहाटे पंचगंगेवर आकाशदिवे अजून विझले नव्हते, तेव्हा बापलेक निघाले. अण्णा चालवीत होते, मुलगा मागे, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. पुलाच्या मध्यावर इंजिनाने एक कर्कश आवाज केला आणि मागचे चाक जागच्या जागी थांबू लागले. अण्णांनी क्लच दाबला म्हणून दोघे वाचले; मागून ट्रक येत होता. गाडी कठड्याशी ओढून घेतली. किक दाबली तर पाय खाली जाईना. त्याच वेळी पुलाच्या पोटातून एक आगगाडी मुघलसरायच्या दिशेने धडधडत गेली आणि लोखंड पायांखाली थरथरले.

मुलगा टेंपो शोधीत धावला. पोहोचला तेव्हा नावे पुकारून झाली होती.

अण्णांनी गाडी ढकलीत परत आणली. राजघाटाजवळ एका मिस्त्रीने किकवर पाय ठेवून पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, “तेल कम रहा होगा, पंडितजी.” इंजिन न उघडता दिलेला हा निर्णय. पण तो घरी येऊन पोहोचला आणि घरातच राहिला. कारण तो पटण्यासारखा होता. अण्णांची काटकसर गल्लीभर ठाऊक होती. पेट्रोल पंपावर ते तेल पंपवाल्याकडून घेत नसत. डबा घरी आणून, लहान मापाने मोजून, स्वतः घालीत. त्या संध्याकाळी मुलगा काही बोलला नाही. महिन्याभराने तो मामाकडे पुण्याला निघाला, तेव्हा स्टेशनावर, गाडी हलताना, खिडकीतून म्हणाला, “अण्णा, दोन रुपयांचं तेल वाचवलंत.”

हे वाक्य तीस वर्षे कुणी पुन्हा उच्चारले नाही. मुलगा पुण्यास रमला. पिंपरी-चिंचवडच्या एका लहान कारखान्यात मदतनीस म्हणून लागला आणि पुढे तिथलाच देखरेख करणारा झाला. त्याचे लग्न झाले, मुले झाली. दरवर्षी गणपतीला किंवा उन्हाळ्यात तो काशीस येई, आईवडिलांची औषधे भरून ठेवी, छपराची डागडुजी करून घेई. त्याच्यासारखा मुलगा नाही असे शेजारी म्हणत आणि ते खरे होते. मात्र देवडीतून आत येताना तो चादरीकडे पाहात नसे. अण्णाही पाहात नसत. नवे वाहन घरात आले नाही. अण्णा पाठशाळेत पायी जाऊ लागले. आई तेवढी वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि पाणी उतरल्यावर, चादर काढून झटकी आणि पुन्हा घाली.

अण्णांना एक गोष्ट ठाऊक होती. ती त्यांनी कुणास सांगितली नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मुलांच्या तोंडून घोकून घेतली, त्याला आपल्याच देवडीत एक अनुमान करणे अवघड नव्हते. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे उदाहरण ते हजारदा सांगत आले होते. त्या पहाटे स्कूटर सुरू झाली तेव्हा देवडी निळसर धुराने भरली होती, समोरच्या घराची खिडकी बंद झाली होती. धूर होता, अर्थात तेल होते. मग इंजिन जाम झाले ते दुसऱ्या कशाने तरी. पण ते ‘दुसरे’ काय, हे त्यांना माहीत नव्हते, आणि नैयायिकाला अर्ध्या युक्तिवादाची लाज वाटते. शिवाय एक बोचणी होती. धूर आदल्या दिवशीच्या उरलेल्या तेलाचा असेल तर? माप आपणच घातले हे नक्की ना? रात्री अंधारात घातले होते. माणूस स्वतःविषयीच्या साक्षीवर किती विश्वास ठेवणार? आणि मुलाचे हातचे गेले होते ते खरे होते. दोष ठेवायला त्याला कुणीतरी हवे होते. बापाने ती जागा अडवली तर मुलगा निदान स्वतःला तरी दोष देणार नाही, असेही त्यांच्या मनात येऊन गेले असेल. विचाराने ठरवलेले असे फार थोडे असते. न बोलणे एकदा सुरू झाले की ते आपल्या बळावर चालू राहते.

तिसाव्या वर्षी देवडीची फरशी उखडायची वेळ आली. ओल वर चढत होती. मुलगा दोन आठवड्यांची रजा काढून आला. स्कूटर हलवावीच लागणार होती. गल्लीत हाक देत फिरणाऱ्या कबाड्याने आत डोकावून भाव सांगितला. लोखंडाचा भाव, वजनावर. कागदपत्रांची मुदत केव्हाच संपलेली, रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, विकत घेणारा कुणी नाही. कबाड्यास हो म्हणण्यास काहीच हरकत नव्हती. मुलगा हो म्हणणार, इतक्यात आई म्हणाली, “एकदा उघडून तर बघा. तीस वर्षं चादर झटकते आहे मी.”

मुलाने पुण्यास फोन करून नाना पेठेतून ब्लॉक-पिस्टनचा संच मागवला. ब्लॉक म्हणजे सिलेंडर. मिस्त्रींच्या भाषेत तेच नाव चालते. गिअरच्या चेतकचे उत्पादन दोन हजारच्या दशकात थांबले आणि २०२० साली त्या नावाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली, तरी जुन्या चेतकचे सुटे भाग अजून मिळतात. कुणीतरी ते अजून बनवते, कुणीतरी अजून मागते. तेल नसल्यामुळे पिस्टन चिकटला आहे, तेव्हा सिलेंडरची भिंतही खराब झालेली असणार, असा मुलाचा हिशेब. म्हणून त्याने नुसता पिस्टन न मागवता सारा संच मागवला. पुण्याहून निघालेला एक ओळखीचा माणूस तिसऱ्या दिवशी तो घेऊन आला.

तोवर बापलेकांनी गाडी चौकात आणली होती. उजव्या बाजूचे पोट, म्हणजे डिकी, काढले. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल सोडले आणि ते झिरपायला तीन दिवस दिले. गंजलेल्या गोष्टींना घाईचा राग येतो, हे मुलाला कारखान्याने शिकवले होते. चौथ्या दिवशी सकाळी मागचा शॉकअब्सॉर्बर सोडून इंजिन लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवले. पंख्याचे आवरण काढले, मग सिलेंडरवरचे पत्र्याचे आवरण. हेडचे चार नट तिरपे तिरपे, थोडे थोडे सैल केले. एकच नट एकदम सोडला तर हेड वाकते. अण्णा पाटावर बसून नट एका वाटीत ठेवीत होते. त्यांचे हात थरथरत, पण ओळ चुकत नव्हती. जो नट जिथून निघाला, त्याच क्रमाने वाटीच्या कडेला लागत होता.

हेड निघाले. आत काजळी होती, काळी आणि ओलसर. मुलाने ती नखाने खरवडली आणि नखाकडे पाहात राहिला. तेलाशिवाय चाललेल्या इंजिनाची काजळी अशी नसते. पण तो काही बोलला नाही. डिझेलनेही ओल आली असेल.

सिलेंडर सुटेना. लाकडी ठोकळा लावून, हातोडीने हळूहळू, चारी बाजूंनी ठोके दिले. अखेर तो एका करकरीसह हलला आणि केसाकेसाने मागे येऊ लागला. पिस्टनचा खालचा भाग दिसू लागताच मुलाने खालच्या पेटीच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले, आत काही पडू नये म्हणून. मग सिलेंडर पूर्ण ओढून काढला, चौकात वरून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून धरला, आणि त्यातून आरपार पाहिले.

भिंत चांगली होती. तेलावाचून घासली गेली असती तर ती चहूकडून ओरबाडलेली दिसली असती, पिस्टनचा धातू तिच्यावर पुसटलेला दिसला असता. तसे काही नव्हते. एका बाजूला मात्र, वरपासून खालपर्यंत, एक खोल सरळ चर पडला होता. करंगळीचे नख सहज बसेल एवढा. पिस्टनवर, त्या चरासमोर, पिनेच्या टोकाशी तसाच ओरखडा होता, आणि पिस्टनच्या कडेत तारेचा एक वाकडा तुकडा रुतून बसला होता.

पिस्टन हा दांड्याला एका पोकळ पिनेने जोडलेला असतो. ही पिन बाजूला सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी, पिस्टनच्या आतल्या खाचेत, तारेचे एकेक कडे बसवतात. तिला सर्कलिप म्हणतात, मिस्त्री नुसते ‘लॉक’ म्हणतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी ही वस्तू. किंमत तिची नगण्य. पण एकदा खाचेतून काढली की तिचा ताण जातो, म्हणून काढलेली सर्कलिप पुन्हा घालू नये, नवीच घालावी, असा या धंद्यातला पहिला नियम आहे. सैल झालेली सर्कलिप मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या हिसक्यांनी एके दिवशी खाचेतून निसटते. मग ती पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये सापडते. पुलावर तो जो आवाज आला होता, तो तिचा.

मुलगा चौकात मांडी घालून बसला होता. सिलेंडर त्याच्या मांडीवर होता. बराच वेळ तो हलला नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात त्याने स्वतः हे इंजिन उघडले होते, याच चौकात. रिंगा आणि पिनेचे छोटे बेअरिंग बदलले होते. तेव्हा मिस्त्रीची मदत न घेता केलेले ते त्याचे पहिले काम. अण्णांनी ते घाटावर सगळ्यांना सांगितले होते. दोन सर्कलिप नव्या आणल्या होत्या. दुसरी बसवताना ती पकडीतून उडाली, टण्णकन् फरशीवर आपटली आणि मोरीच्या जाळीतून आत गेली. संध्याकाळ झाली होती, दुकान लांब होते. त्याने जुनीच उचलून, बोटाने दाबून पाहून, बसवली होती. मग तो हे विसरला. खरोखर विसरला, माणसाला जे विसरणे सोयीचे असते ते तो लबाडीने विसरतो असे नाही, पुष्कळदा प्रामाणिकपणेच विसरतो.

अण्णांनी चष्मा पुसला आणि हात पुढे केला. मुलाने सिलेंडर त्यांच्या हाती दिला. त्यांनी चरावरून बोट फिरवले. त्यांना यंत्रातले फारसे कळत नव्हते. पण ही जखम एकाच ठिकाणी आहे, सर्वांगी नाही, एवढे पाहणाऱ्या कुणासही कळले असते. तेल नसणे हे कारण सगळ्या भिंतीला सारखेच लागू होते. कार्य एका जागी असेल तर कारणही एका जागचे हवे.

“हे तेलाचं नाही,” ते म्हणाले. ते प्रश्नासारखे होते.

“नाही,” मुलगा म्हणाला. मग थोड्या वेळाने, “सर्कलिप जुनीच लावली होती मी. नवी मोरीत गेली होती.”

चौकाच्या कोपऱ्यात ती मोरी अजूनही होती. तिघांनीही तिकडे पाहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“अण्णा, मी तेव्हा...” मुलगा म्हणाला, आणि त्याला पुढचे वाक्य मिळाले नाही. तीस वर्षांपूर्वीचे ते वाक्य परत घ्यायचे तर आधी ते पुन्हा उच्चारावे लागले असते.

अण्णांनी सिलेंडर खाली ठेवला. “संचात नव्या आहेत ना?” त्यांनी विचारले. “आहेत.” “दोन्ही?” “दोन्ही.” “मग त्या लाव,” अण्णा म्हणाले, “आणि मोरीवर आधी फडकं टाक.”

दुपारी पुढचे काम झाले. खालच्या पेटीत उरलेले तारेचे बारीक तुकडे चुंबकाने काढले. रॉकेल ओतून, दांडा हाताने फिरवून, पेटी दोनदा धुतली. नव्या पिस्टनच्या डोक्यावर एक बाण कोरलेला असतो. तो धूर बाहेर पडण्याच्या वाटेकडे यावा लागतो. अण्णांनी तो भिंगातून पाहून खात्री केली. थंड पिस्टनमध्ये पिन जात नाही, म्हणून पिस्टन गरम पाण्यात ठेवायचा होता. आईने पातेले दिले, पण बजावून: “हे आता परत स्वयंपाकघरात येणार नाही.” तापलेला पिस्टन फडक्यात धरून मुलाने पिन दाबली, ती एका दमात आरपार गेली. मग सर्कलिप. पहिली बसली. दुसरी बसवताना अण्णांनी दोन्ही तळहात पिस्टनच्या दोन बाजूंस ओंजळीसारखे धरले. ती उडाली असती तर ओंजळीतच पडली असती. ती उडाली नाही. खाचेत बसताना तिने बारीकसा ‘टक्’ केला आणि मुलाने ती पेचकसाच्या टोकाने फिरवून, दोनदा, तीनदा, पाहिली.

रिंगांच्या दोन टोकांमधल्या फटी खाचेतल्या बारीक खुंटीवर आणल्या, नाहीतर टोके सिलेंडरमधल्या वाटांत अडकून मोडतात. सगळ्यांना तेल माखले. अण्णांनी बोटांनी रिंगा आवळून धरल्या आणि मुलाने सिलेंडर वरून हळूहळू सरकवला. चार हातांचे काम होते ते. एकट्याने करणारे करतात. पण १९९४ च्या श्रावणात त्याने ते एकट्याने केले होते, कारण अण्णांना त्याने जवळ येऊ दिले नव्हते.

संध्याकाळी पेट्रोल आणले. अण्णांनी तेलाचा डबा मागवला आणि माप काढले, तेच जुने, पितळेचे. दोन लिटर पेट्रोलला दोन मापे. नवे इंजिन म्हणून त्यांनी तिसरे माप भरले, मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “घाला. सुरुवातीला थोडं जास्तच लागतं.” त्यांनी ते घातले.

स्कूटर डावीकडे कलती केली, तिला पूर्वी करीत तशी. किक दहा-बारा वेळा नुसतीच फिरली. मग एकदा इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि सुरू झाले. चौक निळसर धुराने भरून गेला. वरच्या मजल्यावरची कबुतरे उडाली. समोरच्या घरात कुणीतरी खिडकी लावून घेतली. आई पदर नाकाला लावून म्हणाली, “त्या दिवशीही असाच धूर होता. माझी तुळस दिसेना.”

मुलाने इंजिनाचा वेग कमी केला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून असेल. मग त्याने वडिलांकडे वळून विचारले, “तुम्हालाही दिसला होता?”

“हो.”

“मग बोलला नाहीत ते?”

अण्णा थोडा वेळ धुराकडे पाहात राहिले. “धूर दिसला होता,” ते म्हणाले. “पण त्यावरून तेल होतं एवढंच ठरत होतं. तू कशानं गेलास ते ठरत नव्हतं.”

इंजिन सात-आठ मिनिटे चालले. मग बाजूने तेल गळू लागले. इतक्या वर्षांत रबरी सीलांचा चुरा झाला होता. मुलाने ते बंद केले. सील बदलायचे तर सारे इंजिन उतरवावे लागेल, ते पुढच्या खेपेस, असे ठरले. फरशी झाल्यावर स्कूटर फळीवरून पुन्हा देवडीत चढवली. कबाडी त्यानंतर दोनदा हाक देऊन गेला. चादर आता तिच्यावर घातलेली नाही. आई म्हणते, धूळ बसली तर दिसेल तरी.

चर पडलेला सिलेंडर मुलाने पुण्यास नेला. जुना पिस्टन अण्णांच्या बैठकीवर आहे. घाटावरून वारा आला की पाने उडतात, म्हणून ते तो पुस्तकावर ठेवतात. त्याच्या कडेतला तारेचा तुकडा अजून तसाच रुतलेला आहे. सकाळी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने एकदा विचारले, “गुरुजी, हे काय आहे?” अण्णांनी पिस्टन उचलला, त्याची ती बाजू मुलाकडे केली आणि विचारले, “आधी तू सांग. तुला काय दिसतं?”